पहिली टेकडी

औषधाच्या दुकानातल्या मुलीनं "याल्मार लीदबूम" हे नाव मोठ्यानं वाचलं, तेव्हा माझ्या हातात सत्तेचाळीस नंबरची चिठ्ठी होती आणि माझ्यापुढे सहा माणसं होती. याल्मार हे आजोबांच्या पिढीचं नाव. पण माझ्या डोक्यात ते नाव एका दहा वर्षांच्या मुलाचं होतं, ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं आणि ज्याचं नाव मी एकतीस वर्षांपूर्वी ब्याण्णव कुप्यांवर, ब्याण्णव वेळा, माझ्या बारीक अक्षरात लिहिलं होतं. मी मान वर केली. चाळिशी ओलांडलेला, राखाडी टोपीतला एक माणूस पुढे झाला, त्यानं आपलं पुडकं घेतलं, मुलीशी काहीतरी हसून बोलला आणि दाराबाहेर पडला. दाराला मोठी काच आहे. पहिल्या पायरीवर त्याचा डावा पाय सटकला, त्यानं कठडा धरला, सावरला आणि चालू लागला. बस, एवढंच. फेब्रुवारीत उप्सालामध्ये कोण घसरत नाही? नगरपालिका खडी टाकून टाकून थकते, मी स्वतः बुटाखाली खिळ्यांचा पट्टा बांधून हिंडते. दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर त्यानं पायरीवरचा बर्फ पाहिला असता. मी पाय पाहिला. ज्या आजाराची मला भीती होती तो पायांपासूनच सुरू होतो. आधी माणूस उगाच अडखळतो, घरचे म्हणतात, जरा बघून चालत जा की; मग ग्लास हातातून निसटतो, आणि वर्षभरात सगळा कारभार आटोपतो. मी रांग सोडली. या देशात रांग सोडणं म्हणजे भर चर्चमध्ये टोपी घालून बसण्यासारखं आहे. मागची बाई म्हणालीसुद्धा, "अगं, तुझा नंबर आलाच की आता!"

आता सगळे सगळ्यांना अगं-तुगं करतात. पंतप्रधानालाही तू आणि सत्तर वर्षांच्या म्हातारीलाही तू. मी त्या पायऱ्या उतरले, त्याच्या मागून वीस पावलं अंतर ठेवून चालले आणि तो ज्या बसमध्ये चढला तिच्यात चढले. माझं घर उलट्या दिशेला आहे. त्याच्या तिरकस मागच्या बाकावर बसून मी त्याला न्याहाळलं. उंची साधारण एकशे चौसष्ट सेंटीमीटर, फार तर पासष्ट. आमच्या लोकांत ठेंगणाच म्हणायचा, पण लोक वळून बघतील इतका नाही. मान ताठ. डोळे खिडकीबाहेर. आणि मांडीवर ठेवलेली बोटं हलत होती. एकेक बोट वेगळं उचललं जात होतं, मग दोन एकदम, मग डाव्या हाताचं करंगळीजवळचं. थरथर अशी असते का? मी पुस्तकात वाचलेली थरथर आठवू लागले, आणि कुठल्याही पुस्तकानं मला ती दाखवली नव्हती, फक्त सांगितली होती. आयुष्यभर मी प्रथिनांकडे पाहत आले, माणसाच्या हाताकडे असं कधी पाहिलंच नव्हतं. शहराबाहेरच्या एका छोट्या दगडी चर्चपाशी तो उतरला, खिशातून किल्ली काढून त्यानं बाजूचं दार उघडलं आणि आत गेला. मी पुढच्या थांब्यावर उतरले आणि उगाचच चालत मागे आले. चर्चच्या फलकावर रविवारच्या प्रार्थनेची वेळ होती, पाद्र्याचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं: ऑर्गन, याल्मार लीदबूम. म्हणजे बोटं थरथरत नव्हती, सराव करत होती. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथल्या बर्फाच्या ढिगावर टेकले. पण पाय घसरला होता, त्याचं काय?

मी डोसेंट झाले तेव्हा अडतीस वर्षांची होते. आमच्या संस्थेत प्रोफेसर ब्रांडेलियस देवाच्या जागी, डोसेंट त्यांच्या खालोखाल, आणि आमच्या सगळ्यांच्या खाली पण प्रत्यक्षात सगळ्यांच्या डोक्यावर स्वेया, प्रयोगशाळेची मदतनीस, जिच्या हातून एकदाही काचसामान फुटलं नव्हतं. काम काय, तर मेलेल्या माणसांच्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी असते, तिच्यातून वाढीचं हॉर्मोन वेगळं काढायचं. ज्या मुलांच्या शरीरात ते तयार होत नाही ती मुलं वाढत नाहीत. आणि जनावरांचं हॉर्मोन माणसाला चालत नाही, बैलाचं नाही, डुकराचं नाही. माणसाला माणूसच लागतो. म्हणून देशभरच्या शवागारांतून बरण्या यायच्या, अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलेल्या ग्रंथींच्या, वर गावाचं नाव आणि आकडा. सुंडस्वाल, अठरा. काल्मार, सात. एका मुलाला एक वर्ष वाढवायला शंभर-सव्वाशे माणसं मरावी लागत. मी ही गोष्ट पहिल्यांदा मनातल्या मनात मोजली तेव्हा खुर्चीत बसून राहिले होते. त्या बरणीत बेकरीवाले असतील, रेल्वेतले असतील, एखादा बिशप असेल, नवऱ्याला जन्मभर टोचून बोललेली एखादी बाई असेल, आणि सगळ्यांचे वाटाणे एकसारखेच. त्या सगळ्यांना वाटून, पाण्यात विरघळवून, गाळून, पुन्हा साका पाडून, शेवटी गोठवून कोरडं केलं की बशीच्या तळाशी कापसासारखं पांढरं काहीतरी उरायचं. त्याला वजन म्हणून नसायचं. श्वास जोरात सोडला तर उडून जाईल म्हणून आम्ही तोंडाला रुमाल बांधायचो. आणि त्या कापसात एका मुलाच्या मांडीचं हाड होतं, नडगी होती, पुढल्या वर्षी आखूड होणारी पँट होती. मी पाद्र्यांवर कधी विश्वास ठेवला नाही, पण त्या बशीसमोर माझा आवाज आपोआप खाली यायचा. स्वेयाचाही यायचा, आणि तिचा आवाज खाली येणं म्हणजे नवल.

आमच्याकडे थंड खोली होती, आत चार अंश. तिच्यात माणसाहून उंच काचेचा कॉलम उभा असायचा, बारीक मण्यांच्या लगद्यानं भरलेला. मण्यांना डोळ्यांना न दिसणारी भोकं. वरून ग्रंथींचा अर्क सोडायचा आणि त्यामागे क्षाराचं पाणी सतत ठिबकत ठेवायचं. बाजाराच्या गल्लीतून मोठा माणूस सरळ चालत पुढे निघून जातो, पोरं मात्र प्रत्येक दुकानात डोकावत उशिरा पोचतात; तसंच इथं. मोठे रेणू भोकांत शिरत नाहीत, ते आधी खाली येतात. लहान रेणू रेंगाळत मागून. खाली नळ्या आपोआप सरकत राहतात, आणि कागदावर एक पेन रेघ ओढत असतं. काही उतरलं की रेघ वर चढते. आम्ही त्याला टेकडी म्हणायचो. पहिली टेकडी मोठ्या गुठळ्यांची, दुसरी आमच्या हॉर्मोनची. पण पहिल्या टेकडीतही हॉर्मोन असायचं, एकमेकांना चिकटलेलं, जवळजवळ तीस टक्के. दुसऱ्या देशांतल्या काही प्रयोगशाळा कॉलमच वापरत नव्हत्या. कशाला वाया घालवायचं, मुलं रांगेत उभी आहेत. मी मात्र पहिली टेकडी मोरीत ओतायची. का? खरं सांगायचं तर मला ती आवडायची नाही. तिच्या नळ्या किंचित दुधाळ दिसत. उजेडासमोर धरल्या की त्यात काहीतरी तरंगत असल्यासारखं वाटे आणि काहीच दिसत नसे. तिची रेघही कशी, उतरताना खाली येतच नाही, लोंबत राहते, निरोप घेऊन दारात तासभर उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखी. माझ्याकडे एकही पुरावा नव्हता. प्रोफेसर म्हणायचे, "डोसेंटबाईंना विज्ञान करायचंय की घर आवरायचंय?" आणि स्वेया, जिच्या आईनं डेअरीत जन्म काढला होता, ती मोरीपाशी माझ्यामागे उभी राहून म्हणायची, "वर येते ती मलई असते, असं आमची आई म्हणायची. मलई फेकणारी बाई मी डोसेंटबाईंच्या रूपानं पहिलीच बघतेय." मी ओतायचीच. एका वेळी कॉलममधून निघालेला माल म्हणजे एक घाणा. स्वेयानं बेकरीतून आणलेला शब्द, तोच रूढ झाला. आणि एका घाण्याचं औषध एकाच मुलाला द्यायचं, म्हणजे काही बिघडलं तर कुणाचं आणि कशानं ते कळेल. तेरा घाण्यांमध्ये मी हा नियम मोडला नाही.

चौदावा घाणा मी बारा डिसेंबरला कॉलमवर चढवला, सदुसष्ट साली. तेरा तारखेला सकाळी सहाला मी थंड खोलीत होते, कोट, लोकरी टोपी, बोटं उघडी असलेले हातमोजे. पहिली टेकडी चढायला लागली होती. वरच्या बाटलीतलं क्षाराचं पाणी दोन बोटं उरलं होतं. नवं पाणी शेजारी तयार होतं, पण ते पुरतं गार व्हायला हवं होतं, म्हणून मी म्हटलं, अर्ध्या तासानं ओतू. तेवढ्यात लूसिया आली, म्हणजे दर तेरा डिसेंबरच्या पहाटे निघणारी दिव्यांची मिरवणूक. संस्थेतल्या पोरी पांढरे झगे घालून, एकीच्या डोक्यावर जळत्या मेणबत्त्या, मागे हातात मेणबत्ती धरलेल्या बाकीच्या, त्यांच्यामागे गाणारी पुरुषमंडळी. दारोदार जायचं, गायचं, आणि ज्याच्या दारात लूसिया येते त्यानं हातातलं काम टाकायचं, हा संस्थेचा रिवाज विद्यापीठाच्या घटनेपेक्षा कडक. थंड खोलीचं जाड दार उघडलं, अंधारात सोळा मेणबत्त्या आत आल्या, प्रत्येकीच्या तोंडातून वाफ. कॉलमच्या काचेत त्या सगळ्या ज्योती खालपासून वरपर्यंत चढल्या. मी असं काही त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मला वाटलं, ज्यांच्या ग्रंथी आत आहेत तीच सगळी माणसं हातात दिवे घेऊन आली आहेत. रडू आलं, ते मी शिंक म्हणून खपवलं. मग त्यांनी मला हात धरून कॉफीला नेलं.

त्या टेबलाबद्दल मी पुढे लाख वेळा विचार केला. केशरी पाव, आल्याची बिस्किटं, पांढरं टेबलक्लॉथ, टोकाला प्रोफेसर. दुसरा कप ओतला जाईपर्यंत कुणी उठत नाही, आणि प्रोफेसरांचं भाषण संपल्याशिवाय दुसरा कप ओतला जात नाही. ते बोलत होते. मी डोळ्यांनी भिंतीवरचं घड्याळ आणि मनानं वरची बाटली बघत होते. दोन बोटं पाणी म्हणजे पस्तीस मिनिटं. वीस झाली. पंचवीस. मी खुर्ची जराशी मागे सरकवली, तसे प्रोफेसर थांबून म्हणाले, "डोसेंटबाईंना आमचा कंटाळा आलेला दिसतो." सगळे हसले. मीही हसले. स्वेया मात्र टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून माझ्याकडे बघत होती, आणि तिलाही माहीत होतं, पण मदतनिसानं प्रोफेसरांच्या आधी उठायचं म्हणजे प्रलयच. मी चौदा वर्षांची असते तर उठले असते. शेतकरी असते तर उठले असते. पण मी डोसेंट होते, आयुष्यभर चांगली मुलगी होते, आणि तोंडात पावाचा घास घेऊन, ताठ बसून, एका मुलाच्या एका वर्षासाठी मेलेली शंभर माणसं मी कोरडी पडू दिली. पन्नास मिनिटांनी मी पळत गेले तेव्हा बाटली रिकामी होती, कॉलममध्ये हवा शिरून मण्यांचा थर वरपासून खालपर्यंत तडकला होता, उन्हाळ्यातल्या चिखलासारखा. रेघेच्या दोन टेकड्या एकमेकींत कोसळून एकच ढिगारा झाला होता. स्वेया मागून आली. एकदाही मलईबद्दल बोलली नाही. फक्त म्हणाली, "आता काय करायचं, डोसेंटबाई?"

करण्यासारखं एकच होतं: सगळ्या नळ्या एकत्र करून, नवा कॉलम भरून, पुन्हा चढवायचं. नवे मणी यायला तीन आठवडे, आणि एवढ्या उलथापालथीत निम्मं औषध हातातून जाणार. स्टॉकहोमच्या मुलांच्या वॉर्डातून डॉक्टरांचा फोन आला. हा घाणा ज्याच्यासाठी होता तो मुलगा दहा वर्षांचा, उंची एकशे सहा, त्याचं जुनं औषध नाताळला संपतंय, निम्म्या डोसावर वर्ष निघणार नाही. प्रोफेसर म्हणाले, "बाकीच्या जगात पहिली टेकडी सर्रास टोचतात. कुणी मेलंय का? डोसेंटबाईंची आवडनिवड बाजूला ठेवू आणि त्या पोराला नाताळची भेट देऊ." उंदरांवर चाचणी घेतली. उंदीर झकास वाढले, नेहमीपेक्षा जास्तच. माझ्याकडे विरोध करायला एक नावड सोडून काही नव्हतं, आणि चूक माझी होती. जिचा कॉलम कोरडा पडलाय तिनं शुद्धतेच्या गप्पा कुठल्या तोंडानं मारायच्या? दोन्ही टेकड्या एकत्र घेऊन मी कुप्या भरल्या. ब्याण्णव. प्रत्येकीवर लिहिलं: घाणा चौदा, याल्मार लीदबूम. पुढल्या सप्टेंबरात डॉक्टरांचं पत्र आलं, मुलगा साडेआठ सेंटीमीटर वाढला. स्वेयानं ते पत्र थंड खोलीच्या दारावर चिकटवलं. साडेआठ! मी घरी जाऊन पट्टीवर ते अंतर बघितलं, माझ्या तळहाताएवढं होतं, आणि मी कितीतरी वेळ तळहाताकडे बघत बसले.

पंच्याऐंशी साल उजाडलं आणि अमेरिकेतून बातमी आली. लहानपणी हे औषध घेतलेले तरुण, पंचवीस-तीस वर्षांचे, अडखळू लागले आणि मेले. मेंदूची चाळण झालेली. हजारो ग्रंथींत एखादी ग्रंथी त्या आजारानं मेलेल्या माणसाची असणार, आणि तो आजार जंतूचा नाही, उकळून मरत नाही, तो प्रथिनातूनच येतो म्हणे. हळूहळू हेही दिसलं की ज्यांनी औषध कॉलममधून काढलं होतं त्यांच्याकडे कुणी मेलं नव्हतं. ते जे काही होतं ते गुठळीनं जायचं, पहिल्या टेकडीत. मी मोरीत ओतलेल्या टेकडीत. मी तो लेख उभ्यानं वाचला, मग बसून वाचला. मला आधी भीती नाही वाटली, आधी मी थक्क झाले. ज्याला नाव नव्हतं, ज्याचा पुरावा नव्हता, जे कुठल्या चाचणीत दिसत नव्हतं, ते माझ्या हातात वीस वर्षं होतं आणि माझ्या हातांनी ते टाकून दिलं होतं, केवळ रेघ लोंबते म्हणून! माणसाला जेवढं कळतं त्यापेक्षा त्याच्या हाताला जास्त कळतं की काय? की हा निव्वळ योगायोग, आणि मी त्याला उगाच नमस्कार करतेय? मग लोकांनी नमस्कार करायला सुरुवात केली. सत्कार झाला, दूरदृष्टीबद्दल भाषणं झाली, विद्यापीठानं पदक दिलं. प्रोफेसर तोवर गेले होते. स्वेया निवृत्त होऊन म्हातारी झाली होती, ती पहिल्या रांगेत बसली होती, आणि टाळ्या चालू असताना तिनं माझ्याकडे पाहिलं. टाळ्या न वाजवणारी ती एकटीच होती. बाहेर कोट घालताना म्हणाली, "चौदावा कुठाय, माहीत आहे का?" मी म्हटलं, "सगळ्यांना पत्रं गेलीत, धोका फार थोडा आहे म्हणून." ती म्हणाली, "सगळ्यांचं नाही विचारलं मी." दोन वर्षांनी ती गेली. त्या घाण्याबद्दल माहीत असलेली आता मी एकटी उरले, आणि मी गप्प बसले. कधी वाटायचं, त्याला सांगून काय साधणार? त्या आजारावर औषध नाही, उगाच माणसाच्या झोपेत विष कशाला कालवा. हे कारण चांगलं होतं, समंजस होतं, आणि खोटं होतं.

बसच्या त्या दिवसानंतर मी तीन रविवार त्या चर्चमध्ये गेले. ऑर्गन वरच्या सज्जात आहे. कठड्याच्या फटीतून बाजूच्या शेवटच्या बाकावरून वाजवणाऱ्याचे पाय दिसतात. देवाची प्रार्थना चालू असताना मी पाय बघायची. पायाखालची लाकडी पट्ट्यांची रांग, तिच्यावरून ते टाचेनं, बोटांनी, एकमेकांना ओलांडत इकडून तिकडे जात. संगीतातलं मला काही कळत नाही, त्यामुळे चुकलं तरी कळणार नव्हतं, आणि म्हणूनच जीव टांगणीला लागे. तिसऱ्या रविवारी सगळे गेल्यावर तो खाली आला आणि सरळ माझ्यापुढे उभा राहिला. "तू तीन रविवार माझे पाय बघतेयस," तो म्हणाला. "माझी बायको म्हणते, त्या बाईचं वय बघता मला काळजी नाही." मी उठले. आणि उठल्यावर लक्षात आलं की त्याच्या डोळ्यांत बघायला मला मान वर करावी लागतेय. मी बुटकी आहे, एकशे अठ्ठावन्न. त्या क्षणापर्यंत मी या मुलांपैकी एकालाही पाहिलं नव्हतं. टेकड्या पाहिल्या होत्या, कापूस पाहिला होता, पत्रातला आकडा पाहिला होता. आणि आता माझ्यासमोर ते सगळं उभं होतं, दाढीच्या खुंटांसकट, शर्टाला कॉफीचा डाग. जे बोलायचं ठरवून आले होते ते विसरले. मी माझं नाव सांगितलं. त्याला ते नाव माहीत होतं. पंच्याऐंशीच्या पत्राखाली माझी सही होती.

मी सगळं सांगितलं. मेणबत्त्या, कॉफी, कोरडा कॉलम, ब्याण्णव कुप्या. तो बाकाच्या कडेवर बसून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "म्हणजे बाकीच्यांचं गाळलेलं, आणि माझं न गाळलेलं." मी हो म्हटलं. "आणि तुला हे पंच्याऐंशीपासून माहीत आहे. चौदा वर्षं." मी हो म्हटलं. "का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "लोक माझी स्तुती करत होते." "त्या पत्रावर भरवसा ठेवून मी दोन मुली होऊ दिल्या," तो म्हणाला. "पत्रात लिहिलं होतं, धोका फार थोडा. बायकोला वाचून दाखवलं होतं मी. ती म्हणाली, एवढी मोठी बाई सही करतेय म्हणजे खरंच असणार." मी माफी मागितली, पण ती माझ्याच कानांना फार छोटी वाटली. त्यानं विचारलं, "किती वर्षं लागतात त्याला?" "कुणाला दहा. कुणाला तीस. चाळीससुद्धा लागत असतील, अजून कुणालाच माहीत नाही." "माझी एकतीस झाली." "त्या दिवशी तू औषधाच्या दुकानाच्या पायरीवर घसरलास," मी म्हटलं. त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तो मोठ्यानं हसला, रिकाम्या चर्चमध्ये घुमण्याइतका. "अगं बाई, त्या पायरीवर अख्खं गाव घसरतं! तिथं पाद्री पडलाय, पोलीस पडलाय!" "माहीत आहे," मी म्हटलं, "तरी." हसू ओसरलं. तो उठला. "तर मग इतक्या लांबून काय बघतेस," तो म्हणाला. "वर ये."

सज्जात त्यानं बाहेरचे बूट काढून पातळ तळव्यांचे काळे बूट घातले, बाकावर बसला आणि हात मांडीखाली दाबून धरले, लहान मुलं बसतात तसे. "तेरा वर्षांचा असताना माझे पाय पहिल्यांदा खाली पोचले," तो म्हणाला. "त्याच दिवशी ठरवलं, हेच करायचं." आणि त्यानं नुसत्या पायांनी वाजवायला सुरुवात केली. सूर कानाला नाही, बरगड्यांना लागत होते. जमीन हलत होती, माझ्या बुटांखालचे खिळे फळीवर किणकिणत होते. मी वाकून बघत राहिले. मांडीचं ते लांब हाड, नडगी, घोटा, टाच. एक पाय दुसऱ्याच्या मागून जाई आणि न बघता नेमका आपल्या पट्टीवर उतरे. ते अंतर ओलांडणारं हाड शंभर मेलेल्या माणसांनी दिलं होतं, सुंडस्वालच्या अठरांनी, काल्मारच्या सातांनी, आणि त्यांच्यातल्या एखाद्यानं त्याबरोबर दुसरं काय दिलं होतं ते या जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, मला तर नाहीच. मला वाटलं, हे मी केलंय. आणि लगेच वाटलं, छे, हे मी कुठलं करणार. तेवढ्यात त्याचा डावा पाय दोन पट्ट्यांवर एकदम पडला. भसाड, चुकीचा सूर. संगीतातलं काही न कळणाऱ्या मलाही कळलं. मी बाकाची कड इतकी घट्ट धरली की नख मोडलं.

त्यानं वाजवणं थांबवलं. मागे न वळता म्हणाला, "घाबरू नकोस. ते इथं चुकतंच. सोळाव्या वर्षापासून चुकतंय."

मग तोच तुकडा त्यानं पुन्हा पहिल्यापासून घेतला. ती चूक त्याच जागी, अगदी तशीच व्हावी म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून प्रार्थना केली, आणि ती झाली.